ओळखीचा जाळ

बाबांनी विचारलं, कुठं असतंय ते तुझं?
मी गच्चीवरून बोट दाखवलं.
अनगोळच्या टाकीच्या वर, जरा दक्षिणेला,
शेजारच्यांची डिश मान ताणून बघते ना,
साधारण तिकडं. छत्तीस हजार किलोमीटर.
हलत नाही?
हलतं. पृथ्वीच्या बरोबरीनं पळतं,
म्हणून जागेवर उभं वाटतं.
बाबा हसले. "म्हंजे आमच्यासारखंच की गे."
तीस वर्षं उद्यमबागेत, एकाच भट्टीपुढं.
याच्यापुढं मला सांगता येत नव्हतं,
याच्यापुढं त्यांनी विचारलं नाही.

त्याला माणसं दिसत नाहीत.
रस्ते, पाट्या, पाट्यांवरची अक्षरं,
अक्षरं खरवडल्याच्या खुणा, काही नाही.
त्याला फक्त जाळ दिसतो.
काळ्या पडद्यावर ठिपके, आणि आमचं काम एवढंच:
कुठला ठिपका उठून चालू लागतो, ते बघायचं.
चालू लागलाच
तर देशाकडं दहा मिनिटं असतात.
कधी तेवढीही नाहीत.

बाकीचे बसून असतात.
खानापूरकडच्या वीटभट्ट्या,
संकेश्वरच्या बाजूला पेटवलेला उसाचा पाला,
जानेवारीत गुऱ्हाळं.
त्यांची यादी असते. यादीत घातलं
की यंत्र त्या जागेसाठी पुन्हा ओरडत नाही.
क्रमांक चारशे बारा मी घातला.
अक्षांश, रेखांश. वेळ रात्री दहा ते पहाटे चार.
शेरा: फौंड्री, ज्ञात उष्णता.
भरमा यल्लाप्पा मुतगेकर एवढं लिहायला
त्या रकान्यात जागा नव्हती.

फोनवर बाबा सांगायचे,
काल तीन हीट झाल्या.
मला माहीत असायचं.
चौथी अर्ध्यात राहिली, दोन दहाला लाईट गेली,
तेही.
मी म्हणायचे, हो का?

दसऱ्याच्या सुमाराला ते मध्यरात्री
पृथ्वीच्या सावलीत शिरतं, तासभर बॅटरीवर जगतं.
तेव्हा उद्यमबागेत भट्टी बंद असते,
तिच्या तोंडाला झेंडूची माळ, सांडशीला हळदकुंकू.
एकमेकांना न कळवता दोघं विसावा घेतात.

मग तो मंगळवार.
एक वाजून सदतीस मिनिटांनी घंटा.
"होसदू," म्हणाला ईरण्णा, आणि खुर्ची मागं ढकलली.
चारशे बाराच्या पश्चिमेला, बारा-तेरा किलोमीटरवर,
जिथं कधीच काही नव्हतं.
उठतोय का? नाही.
सरकतोय का?
लाल फोनवर हात ठेवून मी मोजत होते.
चाळीस. पन्नास.
ठिपका बसून राहिला.
आधी मंद, मग लखलखीत, मग झाकण पडल्यासारखा बारीक.
पुन्हा मंद.
ही बसायची रीत माझ्या ओळखीची होती.
मी हात काढला. तळव्याला घाम होता.

सकाळी फोन लावला. कुठं आहात?
"शिनोळीत. मालकानं भट्टी हिकडं आणलीय,
लाईटबिल कमी येतंय म्हणे महाराष्ट्रात.
बाची ओलांडली की झालं.
तुला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं बघ, वैजू."
म्हणजे राज्य बदललं की तुमचं!
मागं कुणीतरी घण घालत होतं.
"व्हय," बाबा म्हणाले, "डबा मात्र घरचाच."

क्रमांक पाचशे चार. फौंड्री. ज्ञात उष्णता.
तो मी त्याच रात्री घातला.

चारशे बारा मात्र खोडायचा राहिलाय.
काही पेटलं की ओरडायचं, एवढंच त्या यंत्राला शिकवलंय.
विझलं तर काय करायचं,
हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.
त्यामुळं त्या रिकाम्या शेडला, काळ्या वाळूच्या ढिगाला,
बाबांची पेटी ठेवायच्या कोनाड्याला
अजून वरून माफी आहे:
इथं काही पेटलं तर पेटू दे,
इथला जाळ आपल्यातला.

नियम चोवीस तासांचा आहे.
आजची तिसरी रात्र.
ईरण्णानं यादी पाहिली, माझ्याकडं पाहिलं,
आणि चहा आणायला गेला.